एकट्याने वर केलेला हात: बहुमताविरुद्ध खरे सांगताना आलेले अनुभव

सभेत, घरात, गावकीत किंवा कचेरीत सर्वांचे एकमत झालेले असताना ‘हे खरे नाही’ असे म्हणण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर येऊन गेलेली असते. त्या प्रसंगांविषयी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती करण्यासाठी हा धागा काढत आहे. आवडीनिवडीचे किंवा पक्षापक्षांतले मतभेद येथे नकोत. मोजून, तपासून किंवा साक्षीने पडताळता येईल अशा सत्याबद्दल लिहावे. संबंधित व्यक्तींची आणि संस्थांची नावे कृपया देऊ नयेत.

हा विषय सुचला तो र. धों. कर्वे यांच्याविषयी वाचताना. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांची शास्त्रीय माहिती देणारे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, जवळजवळ एकहाती चालवले. १९३४ सालच्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटल्याचा निकाल विरोधात गेला. तरीही त्या दिवशी न्यायालयात कर्वे एकटे नव्हते, ही गोष्ट मला निकालाहून मोठी वाटते. म्हणून आपल्या बाजूने दुसरे कोण उभे राहिले आणि केव्हा, हेही लिहावे. कोणीच उभे राहिले नसेल, तर तसे लिहावे.

निवृत्त स्थापत्य अभियंता, मुंबई उपनगर

आमची चार मजल्यांची इमारत १९८४ साली बांधलेली आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण, ज्याला सगळे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतात, दर तीन वर्षांनी करून घ्यावे असे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितले आहे. आमच्याकडे ते एकदाही झाले नव्हते. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे प्रस्ताव होता तो गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरून रंगकाम करण्याचा, आणि त्यासाठी प्रत्येक सदनिकेमागे वर्गणीही ठरली होती.

मी पार्किंगमधले खांब पाहिले होते. त्यांवरच्या भेगा आडव्यातिडव्या नव्हत्या, त्या आतल्या सळ्यांना समांतर, सरळ उभ्या गेल्या होत्या. लोखंड गंजते तेव्हा गंजाचा आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट वाढतो आणि तो आतून काँक्रीटला ढकलत राहतो. अशा भेगा दिसल्या की सळईचा छेद आधीच कमी झालेला असतो, हे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत अनेक पुलांवर पाहिले आहे. मी सभेत उभा राहिलो आणि म्हणालो की रंगाला माझी संमती नाही, आधी खांबांची तपासणी करावी.

त्यानंतर जे ऐकावे लागले त्यात वाईट मनाचे लोक फारसे नव्हते, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. एका कुटुंबाचा सदनिका विकण्याचा व्यवहार ठरत आला होता. एकाच्या मुलीची बारावी होती. अहवालात इमारत ‘सी-१’ वर्गात, म्हणजे ताबडतोब रिकामी करण्याजोगी, ठरली तर भाड्याच्या घराचे पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या डोळ्यांत होता. त्यांना खोटे बोलायचे नव्हते, पण खरे कळून घेण्याची किंमत परवडणारी नव्हती. चाळीस सभासदांपैकी सदतीस हात रंगकामाच्या बाजूने वर झाले. दोघे तटस्थ राहिले.

दुसरा हात आला तो तळमजल्यावरच्या एका वयस्कर काकूंचा, आणि तोही सभेनंतर दोन महिन्यांनी. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या तुळईचा गिलावा रात्री कोसळला आणि आतल्या सळ्या दिसल्या. त्यांनी तो गिलाव्याचा तुकडा पिशवीत घालून सेक्रेटरींच्या दारात नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, त्यांचे म्हणणे एकदा ऐकून तरी घ्या.” मग विशेष सभा झाली. काँक्रीटचे गाभे काढून प्रयोगशाळेत दाबून पाहिले, ध्वनिलहरींची चाचणी झाली, आणि इमारत ‘सी-२अ’ वर्गात बसली, म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती आवश्यक. चौदा कुटुंबे सात महिने बाहेर राहिली. त्यांतले दोन शेजारी आजही माझ्याशी बोलत नाहीत. विक्रीचा तो व्यवहार मोडला, त्याचे मला अजून वाईट वाटते.

आरोग्यसेविका, कोकण

भातकापणीच्या दिवसांत आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत एका तरुणाला संध्याकाळी घोणस चावली. मी पोहोचले तेव्हा त्याला अंगणात निजवून भगताला बोलावणे गेले होते आणि पन्नाससाठ माणसे गोळा झाली होती. पायाला सूज होती, हिरड्यांतून रक्त यायला लागले होते. मी म्हटले की याला आत्ताच्या आत्ता रुग्णालयात हलवले पाहिजे. सर्वांचे उत्तर एकच होते: “सिस्टर, याच भगताने आजवर वीसपंचवीस माणसे बरी केली आहेत.”

ती माणसे बरी झाली होती, हे खोटे नव्हते. बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण किंवा दिवड चावली तर माणूस कोणत्याही उपचाराविना बरा होतो, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात जातेच असे नाही. श्रेय मात्र मंत्राला मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषाने जो मरतो त्याच्याबद्दल ‘आणायला उशीर झाला’ असे म्हटले जाते. हे सगळे त्या अंगणात समजावून सांगण्याएवढा वेळ माझ्याकडे नव्हता. मी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवली आणि दारात उभी राहिले. एकाने मला हाताला धरून बाजूला केले.

तेव्हा त्या तरुणाची आजी बोलली. तिने भगताला, तो येताच, विचारले, “बाबा, तू याची जबाबदारी घेतोस का?” तो गप्प राहिला, आणि थोड्या वेळाने त्यानेच सांगितले की याला दवाखान्यात न्या. त्याच्या त्या प्रामाणिकपणाबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखे वाहिले, गोठलेलेच नव्हते. मी ती नळी त्याच्या चुलत्यांना दाखवायला सांगितले. प्रतिविष चालू झाले आणि तिसऱ्या दिवशी त्याचा धोका टळला. पुढच्या पावसाळ्यात त्याच वाडीतून मला पहाटे फोन आला, मण्यारीसाठी. भगताला त्यांनी बोलावले होते की नाही, ते मी विचारले नाही.

विज्ञान शिक्षिका, मराठवाडा

माझा अनुभव घरातला आहे आणि छोटा आहे. धाकट्या जावेला तिसरी मुलगी झाली तेव्हा बारशाच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर तिला दोष दिला गेला. मी दहावीला आनुवंशिकता शिकवते. आईकडून दर वेळी ‘एक्स’ गुणसूत्रच येते, ‘एक्स’ की ‘वाय’ हे वडिलांकडून ठरते, हे दरवर्षी फळ्यावर काढते, पण स्वतःच्या घरात पंधरा वर्षांत कधी उच्चारले नव्हते. त्या दिवशी उच्चारले. सासूबाई उठून आत गेल्या, थोरल्या नणंदेने मला ‘शाळा इथे भरवू नकोस’ म्हणून सुनावले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, आणि आमच्या भागातील काही जिल्ह्यांत त्याहूनही कमी. त्या आकड्याला आमच्यासारख्या बैठकींतले मौनही कारणीभूत आहे, असे मला वाटते. माझ्या बाजूने त्या दिवशी कोणीच बोलले नाही. दीरही नाहीत.

लेखापाल, पश्चिम महाराष्ट्र

एकटे पडणे म्हणजे बरोबर असणे, असा समज होऊ नये म्हणून हे लिहितो. एका पतसंस्थेत मी काम करत असताना कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खातेवार नोंदींची वही) यांत साठ हजारांचा फरक मला दिसला. संचालकांनी सांगितले की नोंद उशिरा झाली असेल, रोखपाल वीस वर्षांचा विश्वासू माणूस आहे. मी सभेत ठामपणे सांगितले की ही अफरातफर आहे. सर्व जण माझ्या विरोधात होते, आणि त्या विरोधामुळेच मला स्वतःबद्दल अधिक खात्री वाटू लागली, ही माझी खरी चूक. अकरा दिवसांनी ती रक्कम दुसऱ्या शाखेच्या खात्यावर टाकलेली सापडली. ज्या सभेत आरोप केला, तशीच सभा बोलावण्याची विनंती करून मी रोखपालांची हात जोडून क्षमा मागितली. आरोप करण्यापूर्वी मी शाखांचा ताळमेळ एकदा पाहिला असता, तर एका सज्जन माणसाच्या अकरा रात्री वाचल्या असत्या.

गिरणीचालक, रायगड जिल्हा

आमच्या गावकीने एका कुटुंबाला वाळीत टाकले, कारण त्यांनी पंचांनी ठरवलेला दंड भरण्यास नकार दिला होता. त्यांच्याशी जो बोलेल त्यालाही दंड, असे ठरले. देवळातल्या त्या बैठकीत मी होतो आणि इतरांबरोबर माझाही हात वर झाला होता. दुसऱ्या दिवशी त्या घरातला मुलगा दळणाचा डबा घेऊन आला, तेव्हा मी तो न दळता परत दिला. त्याचे वय नऊ-दहा वर्षांचे असेल. त्याने काही विचारले नाही, डबा उचलला आणि गेला.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. त्या कुटुंबाने तक्रार केल्यावर पोलीस गावात आले. विचारलेल्या प्रत्येकाने सांगितले की अशी बैठक झालीच नाही. मलाही तेच सांगायचे होते, तसे ठरले होते. माझी पाळी आली तेव्हा तो डबा डोळ्यांसमोर आला आणि मी सांगितले की बैठक झाली, देवळात झाली, मी तिथे होतो आणि माझाही हात वर होता. जबाबावर सही करताना, या सहीने मी स्वतःलाही अडकवतो आहे, हे मला ठाऊक होते.

त्यानंतर गिरणीवर कोणी आले नाही. लोक चार किलोमीटरवरच्या गावी दळण नेऊ लागले. मी रोज सकाळी गिरणी उघडत असे, पट्टा पुसत असे आणि संध्याकाळी बंद करत असे. ते वाळीत टाकलेले कुटुंब तेवढे येत होते, आणि त्यांच्याकडून पैसे घेताना माझी मान वर होत नसे.

सुमारे चाळीस दिवसांनी, दिवेलागणीला, मागच्या दाराने एका पंचांची सून आली. तिने पदराखालून डबा काढला. भाकरीच्या पिठासाठी धुऊन वाळवलेले तांदूळ होते. दळून होईपर्यंत ती अंधारात उभी राहिली आणि न बोलता गेली. आठवड्याने ती पुन्हा आली, ती सकाळी नऊ वाजता, पुढच्या दाराने, आणि बरोबर तिची शेजारीण होती.