पंचवीस म्हटलं की ५२ लिहितो. आधी ‘वीस पाच’ शिकवायचं का?

पहिलीच्या बाई, अशोक चौक
माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. काल एकाला ‘पंचवीस लिही’ म्हटलं. त्यानं पाटीवर आधी ५ काढला, मग त्याच्यापुढे २. मला त्याच्यावर रागावता येईना. पाच आधी ऐकू आले, ते त्यानं आधी लिहिले. त्याची आई विडीचा कट्टा बांधताना मोजते ते ‘इरवै ऐदु’, म्हणजे वीस पाच. कन्नडमध्येही इप्पत्तैदु, वीस आधीच.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ म्हणायची ही पद्धत आली तेव्हा राज्यभर गहजब झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर संख्यांच्या नावांतल्या जोडाक्षरांची अडचण परोपरीनं समजावत होत्या, पण ऐकून कोण घेतंय? माझं म्हणणं सरळ आहे. आधी वीस पाच, अंक पक्के झाले की पंचवीस.

आजोबा, जुळे सोलापूर
बाई, मुळीच पटलं नाही. पोरगं लक्ष्मी मंडईत गेल्यावर भाजीवाली त्याला ‘साठ तीन रुपये द्या’ म्हणणार आहे का? आणि पाढ्यांचं काय करणार? ‘पाच पाचे पंचवीस’ ही लय आहे, ती जिभेवर बसते. ‘पाच पाचे वीस पाच’ म्हणून बघा एकदा. आमच्या घरीही तेलुगूच होती, तरी आम्ही शिकलो. मुलांना अवघड जातं म्हणून भाषाच सोपी करत गेलो, तर त्यांच्या हाती राहणार काय?

पूर्वभागातला
आजोबा, तुम्ही शिकलात. मागच्या बाकावर बसून गणिताला कायमचे भ्यायलेले तुमचे सोबती इथं लिहायला येणार नाहीत.

अंगणवाडीताई
तुम्ही दोघंही शब्दांवर भांडताय. माझ्या मते घाई लिहायची होते, घोळ तिथं आहे. मी ज्वारीच्या धाटाच्या काड्या करते, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. मूल दोन गठ्ठे डावीकडे ठेवतं, पाच सुट्या उजवीकडे. मग त्याच क्रमानं गठ्ठ्यांखाली २, सुट्यांखाली ५. तोंडानं ते पंचवीस म्हणो की इरवै ऐदु, लिहिताना चुकत नाही.

एकोणतीसही असाच. तीन गठ्ठे मांडायचे आणि एकातली एक काडी काढून घ्यायची. ‘तीसला एक उणा’ हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. नुसतं कानानं ऐकलं तर ‘तीस’ ऐकून ३९ लिहितात. नव्व्याण्णवला मात्र ही युक्ती नाही, तिथं एकोणशंभर कुणी म्हणत नाही. तो पाठच करावा लागतो.

पहिलीच्या बाई, अशोक चौक
ताई, काड्यांचं एकदम मान्य. पण गठ्ठे मांडून झाल्यावर मूल मोठ्यानं काय म्हणणार? ‘दोन दहा आणि पाच, वीस पाच’ हेच त्याच्या तोंडून आपसूक येतं. ते चूक म्हणून मी खोडणार नाही. आजोबा, पाढे पंचवीसनंच म्हणवून घेईन, तो शब्द तुम्हाला.

आजोबा, जुळे सोलापूर
दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर तुमच्या त्या पोराला पंचवीस लिहायला सांगा आणि पाटीवर काय उमटतं ते इथं कळवा.