मंगल कार्यालयाच्या बाहेरचा बोर्ड: रोज बदलायची मराठी नावं, कोणती सिस्टीम टिकेल?

बेसा_लॉन
नमस्कार मंडळी. आमचं नागपूरला बेसा रोडकडे छोटं लॉन आणि हॉल आहे, घरचंच चालवतो. गेटवर ८ बाय ४ फुटाचा बोर्ड आहे, ज्यांचं कार्य असते त्यांची नावं त्यावर लावतो. आतापर्यंत काळ्या मखमलीवर थर्माकोलची सोनेरी अक्षरं टाचणीनं लावून राहिलो होतो, पण मे महिन्यात संध्याकाळी वावधन सुटलं की अर्धी अक्षरं रोडवर आणि नवरदेवाचं नाव अर्धवट, लोक फोटो काढून हसतात. फ्लेक्स म्हटलं तर एका दिवसाचा खेळ, दुसऱ्या दिवशी कचरा, आणि सीझनमधे प्रिंटवाला वेळेवर देईल याची गॅरंटी नाही.

परदेशात चर्च, शाळा, जुनी थिएटरं यांच्या बाहेर बोर्ड असते ना, आडव्या पट्ट्या आणि त्यात एकेक अक्षराची पाटी सरकवायची, तसं काही करायचं डोक्यात आहे. ते मराठीत चालेल का? फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं तर तो म्हणते "हो होते ना भाऊ", पण त्यानं कधी केलेलं दिसत नाही. मॅग्नेटचं पण कोणीतरी सांगितलं. बोर्ड रोडपासून ९ फूट वर आहे आणि पश्चिमेचं ऊन सरळ त्यावर येते. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

बजाजनगर_बंटी
काहून एवढा ताण घेऊन राहिले भाऊ, एलईडीचा पळता बोर्ड लावून टाका, मोबाईलवरून नाव टाकलं की झालं 😄

रेडियमवाला_इतवारी
बंटीभाऊ, पळत्या बोर्डात पी-टेन म्हणून एलईडीचा तुकडा असते, ते मोड्यूल ३२ बाय १६ ठिपक्याचं असते. उंचीत १६ ठिपके, त्यात वरची वेलांटी, मधलं अक्षर, खालचा उकार सगळं कोंबायचं म्हटल्यावर "कृष्णा" काय दिसेल तुम्हीच सांगा. मोठा लावला तर दिसते, पण खर्च मोठा, दुपारच्या उन्हात फिकं, आणि मोबाईलच्या फोटोत काळे पट्टे येतात. लग्नात बोर्डाखाली फोटो काढणं हेच तर अर्धं काम असते.

आता बेसावाल्या भाऊंचं. ट्रॅकचं काम कोणताही ॲल्युमिनियमवाला करून देईल, वेलांटीचं काय करता ते आधी ठरवा. इंग्रजीत २६ अक्षरं, सगळी एका उंचीची, एका पाटीवर एक, ई आणि ए च्या थोड्या जास्त पाट्या ठेवल्या की सेट झाला. आपल्याकडे एका व्यंजनाची बाराखडी म्हणजे १२ पाट्या, ३६ व्यंजनं धरली तर ४३२, आणि एवढं करूनही त्यात श्वेताचा श्वे नाही, प्राजक्ताचा प्रा नाही आणि क्ता पण नाही. शिवाय प्रत्येक पाटी दोन-तीन तरी लागेल कारण नवरा-नवरी दोघांच्याही नावात "रा" येऊ शकते. पाट्या ठेवायलाच एक खोली लागेल अन् योग्य पाटी शोधता शोधता वरात दारात येईल.

कोणी म्हणेल मात्रा वेगळ्या करा, वर एक बारीक ट्रॅक आणि खाली एक बारीक ट्रॅक. त्यात गोम अशी आहे की वरच्या ट्रॅकची पट्टी बरोबर शिरोरेषेवरूनच जाते, म्हणजे वेलांटी जिथं अक्षराला टेकते तीच जागा झाकली जाते. अक्षराच्या पाट्यांत अजून एक, दोन पाट्यांमधे केसभर फट राहिली तरी शिरोरेषा तुटकी दिसते. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात म्हणून ते खपून जाते.

म्हणून माझं मत, ट्रॅक घ्या पण त्यात अख्खा शब्द सरकवा. कायमचे शब्द एकदाच करून ठेवा: शुभविवाह, साक्षगंध, स्वागत समारोह, मौंज, नामकरण, वाढदिवस, चि., चि.सौ.कां., परिवार. मग आडनावं. आपल्याकडे देशमुख, वानखेडे, मेश्राम, राऊत, ठाकरे, बोरकर, गजभिये हे सीझनमधे फिरून फिरून येतातच, तुमच्या जुन्या बुकिंगच्या वह्या काढा, कोणती आडनावं करून ठेवायची ते तिथंच दिसेल. पहिलं नाव मात्र दरवेळी नवीन, त्याच्यासाठी कोऱ्या पाट्या ठेवा आणि त्यावर रेडियम कटिंग करून चिकटवा. त्यात रिमूव्हेबल म्हणून विनाइल येते तेच मागा, त्याचा गम हलका असते, कार्य झालं की हेअर ड्रायरनं जरा गरम केलं की पूर्ण निघून येते. तारखेसाठी आकड्यांच्या सुट्या पाट्या चालतील, आकड्याला ना मात्रा ना शिरोरेषा.

पाटी ३ मिमी एसीपीची (दोन बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधात प्लास्टिक) करा. सनबोर्ड नको, ते पीव्हीसी फोम साठ अंशाच्या पुढं नरम पडते आणि तुमच्या पश्चिमेच्या उन्हात वाकून ट्रॅकमधून बाहेर तोंड काढेल. सनबोर्डावरून विनाइल काढताना वरची कातडी पण निघते.

मास्तरीण_महाल
मॅग्नेटबद्दल सांगते, आमच्या शाळेच्या सुविचार बोर्डाला आहे. मागे जीआय शीट म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा पाहिजे, ॲल्युमिनियमला किंवा एसीपीला चिकटत नाही आणि ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीललाही नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. मॅग्नेट ओढून काढायला जोर लागतो खरा पण खाली घसरायला त्याच्या पाव हिश्शाइतकाच पुरतो, त्यामुळे जड अक्षर हळूहळू खाली उतरते आणि ओळ तिरपी होते. आमचा व्हरांड्यात आहे, सावलीत, म्हणून ठीक चाललंय. पातळ मॅग्नेट शीट उघड्यावर पावसात नेहमीसाठी ठेवली तर मागे पाणी साचून शीटला गंज धरतो, अधूनमधून काढून पुसावं लागतं. आणि पोरं अक्षरं इकडची तिकडे करतात ते वेगळंच, एकदा "शिस्त" चं "शिट्टी" करून ठेवलं होतं, ट कुठून आणला देवजाणे. मी म्हणेन तुमच्या गेटवर मॅग्नेट नको.

बेसा_लॉन
दादा, ताई, खूप आभार. शब्दाच्या पाटीचं एकदम पटलं, वह्या तर पडल्याच आहेत. पण पाटी ट्रॅकमधे जाते कशी? कडेने सरकवायची म्हटलं तर मधला एक शब्द बदलायला सगळ्या बाहेर काढाव्या लागतील ना?

रेडियमवाला_इतवारी
कडेने नाही भाऊ, समोरून. दुकानाच्या शोकेसची काच कशी बसवतात पाहिली का, आधी वर ढकलायची मग खाली सोडायची, तेच. वरची खाच खोल आणि खालची उथळ ठेवायची. समजा दोन पट्ट्यांमधे दिसणारी मोकळी जागा ३०० मिमी आहे, खालची खाच ६ मिमी, वरची १४ मिमी. पाटीची उंची ३१३ ठेवा. बसल्यावर खाली ६ मिमी आत आणि वर ७ मिमी आत, म्हणजे दोन्हीकडून पकडलेली. काढायची तर ७ मिमी वर उचला, खालची कड मोकळी होते, तळ पुढं ओढला की पाटी हातात. खाचेची रुंदी पाटीपेक्षा एक मिमी जास्त ठेवा, धूळ जाणारच आहे.

दुसरा प्रकार लवचीक पारदर्शक पाटीचा असते, ती मोकळ्या जागेपेक्षा थोडी उंच असते, हातानं वाकवून आत सोडली की सरळ होऊन अडकते. तो एका अक्षरासाठी भारी आहे, दोन फूट लांब शब्दाला वाकवणं कठीण.

ओळी तीनच ठेवा. चार पाहिजेत असं वाटेल पण करू नका. आपल्या अक्षराची अर्धी उंची मात्रा-उकारात जाते, ३०० च्या पाटीत मधलं अक्षर १५० मिमी म्हणजे सहा इंचच येते. साइनवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे, एक इंचाला दहा फूट आरामात वाचता येते, म्हणजे तुमचं ६० फुटांवरून. चौथी ओळ घातली की गाडीवाला गेट ओलांडून पुढं जाईल आणि मग वाचेल.

संत्रा_इंजिनीअर
वाऱ्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आयएस ८७५ भाग ३ (बांधकामावरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) मधे नागपूरच्या वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिलाय, ताशी १५८ किमी. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, साधारण ११६० न्यूटन प्रति चौरस मीटर, किलोत सांगायचं तर ११८. तुमचा बोर्ड जवळपास ३ चौरस मीटर, म्हणजे अंदाजे साडेतीनशे किलो, तेही बाकीचे गुणक न धरता. रोज येत नाही एवढा वारा, पण फ्रेम आणि खांबाचे बोल्ट त्या हिशोबानं असावे. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग पडून १७ माणसं गेली तेव्हापासून कोणी लहान बोर्डाचं विचारलं तरी मी हे आकडे देतो. तुमचे खांब जुने असतील तर पायाजवळची माती जरा उकरून गंज पाहून घ्या.

पाट्यांचं म्हणाल तर समोरून आलेला वारा मागची शीट झेलते, भीती ओढीची असते. कडेवरून वळणारा वारा पाटीला बाहेर खेचते, मधात फुगवते आणि खालची कड खाचेतून निसटते. पाटी लांब आहे म्हणून घाबरू नका, तिला वर-खाली अख्ख्या लांबीत आधार आहे, वाकणार ते फूटभर उंचीतच. वाऱ्यानं थडथडून उचलली जाऊ नये म्हणून वरच्या खाचेत पाटीच्या डोक्यावर रबराची पट्टी टाका आणि प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना स्टॉपर लावा, नाहीतर पाट्या सरकत एका कोपऱ्यात जमा होतील.

आता ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं (मे २०२४ चे ते ५६ सेन्सरच्या गडबडीमुळे होते, ते सोडा) आणि हे सावलीतल्या हवेचं, उन्हातली शीट त्याच्याही बरीच वर जाते. डिसेंबरच्या सकाळी १० आणि मेच्या दुपारी ६० धरलं तर ५० अंशाचा फरक. ८ फुटाची ॲक्रेलिक शीट तेवढ्यात साडेआठ मिमी वाढते आणि ॲल्युमिनियमची पट्टी तीनच्या आत. दोन्ही एकमेकांना घट्ट रिव्हेट केले तर दरवर्षी ओढाताण होऊन ॲक्रेलिकला भोकापासून चीर जाते. मागून लाइट पाहिजे म्हणून ॲक्रेलिक घेणार असाल तर पट्टीला मधात एकच पक्कं भोक ठेवा आणि बाकीची भोकं लांबट करा. लाइट समोरून टाकणार असाल तर मागेही एसीपीच घ्या, त्यात ही भानगड बरीच कमी. स्क्रू स्टेनलेस वापरा, साधे लोखंडी दोन पावसाळ्यांत रडतात आणि पाट्यांवर लाल ओघळ येतात.

बेसा_लॉन
समोरून काचेसारखं झाकण पण लावू का? पोरांनी उद्योग करू नये म्हणून.

संत्रा_इंजिनीअर
लावा, पण काच नको, वर ९ फुटावर आहे. ४ मिमी सॉलिड पॉलिकार्बोनेट घ्या, त्याला एका बाजूनंच यूव्ही कोटिंग असते, संरक्षक फिल्मवर लिहिलेलं असते कोणती बाजू बाहेर ठेवायची. उलटी लागली की पिवळी पडते. खाली पाणी निघायला भोकं आणि वर कडेला हवेची जाळी, बंद पेटी उन्हात भट्टी होते. झाकणाचं वजन वेगळं धरा, ते उघडं असताना वारा आला तर बिजागऱ्या उखडतात म्हणून अडकवायला साखळी ठेवा.

धरमपेठ_वकील
कायद्याचं थोडं. कार्यालयाच्या स्वतःच्या नावाचा बोर्ड मराठी देवनागरीत पाहिजे आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही लागू आहे. सप्टेंबर २०२३ मधे सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली होती ती केव्हाचीच संपली. नवरा-नवरीचं नाव इंग्रजीत लावलं तर त्याचा याच्याशी संबंध नाही. नवीन खांब टाकणार असाल तर तुमची हद्द मनपात येते की नाही ते पाहून परवानगीचं विचारून घेजा.

बजाजनगर_बंटी
एलईडीवालं मी मागे घेतो 🙏 पण ९ फुटावर रोज शिडी लावणार का?

रेडियमवाला_इतवारी
पाटी बदलायचा लांब दांडा येते, टोकाला रबरी सक्शन कप आणि दोरी, दोरी ओढली की कप सुटते. गुळगुळीत पाटीवरच पकडते, धूळ असेल तर नाही, म्हणून आधी ओल्या फडक्यानं पाटी पुसा आणि कप थोडा ओला करा. झाकण लावलं तर मात्र ते उघडायला शिडी आलीच, मग दांड्याचा खर्च कशाला. गेटवरून विजेची तार जात असेल तर दांडा ॲल्युमिनियमचा अजिबात घेऊ नका, फायबरचाच, आणि शिडीसुद्धा.

अन् एक, नावाचं कटिंग करण्याआधी घरच्यांकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर पण चालेल. "श्रुती" का "श्रृती", "वैष्णवी" मधे ण का न, हे फोनवर कळत नाही आणि मग मांडवात नवरीचा मामा भांडते. नवरदेवाकडचं नाव वर का नवरीकडचं, ते पण बुकिंग घेतानाच विचारून ठेवा.

बेसा_लॉन
तार आहे ना दादा, गेटच्या बाजूनंच जाते, बरं झालं सांगितलं. तीन ओळी, एसीपी, झाकण, समोरून लाइट असं ठरवतो. तुळशीच्या लग्नाआधी लावायचं आहे. पाट्या तुमच्याकडंच कापून मिळतील का?

रेडियमवाला_इतवारी
मिळतील. पण आधी फॅब्रिकेशनवाल्याकडून ट्रॅक बनवून घ्या आणि त्याचा वरचा-खालचा एकेक वीतभर तुकडा घेऊन या. तो ६ सांगते आणि ८ करते, म्हणून नमुन्याची एक पाटी त्या तुकड्यात बसवून पाहू, उचलून निघाली तर मग बाकीच्या कापू. पावडर कोटिंग झाल्यावरचा तुकडा आणजा, कोटिंगनं खाच थोडी भरते.