मदत हवी आहे : नळी तापली की नव्या रायफलचा नेम सरकतो

मी टेक्सासमध्ये राहतो. नोव्हेंबरमध्ये सुरू होणाऱ्या हरणांच्या हंगामासाठी मी लाकडी दस्त्याची, .308 विंचेस्टर काडतुसाची बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणारी) रायफल घेतली असून, 100 यार्डांवर तिचा नेम बसवताना एका अडचणीत सापडलो आहे. वाळूच्या पिशव्यांवर टेकवून झाडलेल्या पहिल्या तीन गोळ्या इंचभर अंतरात लागतात. मात्र नळी तापली की चौथी आणि पाचवी गोळी वर डावीकडे, अडीच इंच दूर जाते. दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू टॉर्क पान्याने तपासले, ते घट्ट आहेत. 150 आणि 168 ग्रेन वजनाच्या गोळ्यांची काडतुसे वापरूनही फरक पडला नाही. नंतर नळी आणि दस्ता यांच्या फटीतून कागदाची पट्टी सरकवली, तेव्हा ती दस्त्याच्या टोकापासून चार बोटांवरच उजव्या बाजूला अडली, त्यामुळे माझा संशय दस्त्यावरच आहे.

दस्त्यातली नळी बसते ती खाच मी स्वतः पॉलिश पेपरने घासावी, की आधी ॲक्शनखाली (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाखाली) इपॉक्सीचे बेडिंग, म्हणजे तो भाग दस्त्यात पक्का बसवणारा थर, करून घ्यावे? घासलेले लाकूड दमट हवेत पुन्हा फुगू नये म्हणून त्यावर काय लावावे? जनावर जखमी होऊन तडफडत राहावे हे मला मुळीच मान्य नाही, म्हणून नेमाची खात्री झाल्याशिवाय मी रानात जाणार नाही.