मोतीबिंदू विरघळवणारे थेंब: कुत्र्याला नको, आजोबांनाही नको

नळस्टॉप
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक जाहिरात फिरतेय. 'ऑपरेशनशिवाय मोतीबिंदू गायब! माणसांसाठी आणि लाडक्या श्वानांसाठीही.' बाटलीत आहे एन-ॲसिटिल कार्नोसिन. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन बाटल्या मागवल्यासुद्धा, एक त्यांच्या लॅब्रॅडॉरला आणि एक यजमानांना.
माझं मत स्पष्ट आहे. असली बाटली विकायला बंदी हवी. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे, की तो धुऊन निघेल. आतल्या भिंगातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गढूळ होतात. नासलेलं दूध वरून चार थेंब टाकून पुन्हा गोड होतं का? 2017 साली कॉक्रेनवाल्यांनी (औषधांचे पुरावे तपासणारी संस्था) या थेंबांचा माणसांपुरता आढावा घेतला, तर निकषात बसणारी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. मोतीबिंदू घालवणारं मान्यताप्राप्त औषध आजघडीला माणसासाठी नाही, कुत्र्यासाठीही नाही.
ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा. 'आमच्या ओळखीत एकाला फरक पडला' हे कारण नव्हे.

शेवंतीची_वेल
कारणासकट लिहिते. आमची पॉमेरेनियन तेरा वर्षांची आहे, हृदय कमजोर. कुत्र्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करतात, माणसासारखं नुसतं डोळ्यापुरतं बधिर करून भागत नाही. आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं की भूल झेपणार नाही. शिवाय खर्च असा की आकडा ऐकून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आणि आमच्या जिल्ह्यात प्राण्यांच्या डोळ्यांचा सर्जन शोधून दाखवा, मग बंदीच्या गोष्टी करा.
थेंब घालायला लागल्यापासून ती पुन्हा जिना चढते. तुम्हाला पुरावा वाटत नसेल, मला वाटतो.

खानदेशी_तडका
+१ शेवंतीताई. पुण्या-मुंबईत बसून बंदी मागणं सोपं आहे. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात म्हशीचं बाळंतपण अडलं तर डॉक्टर येतो हेच खूप आहे.
आणि नळस्टॉप साहेब, कुत्र्यासाठी काहीच नाही असं तुम्ही कसं म्हणता? 2015 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लॅनोस्टेरॉल नावाच्या रसायनावर पेपर आला होता. मोतीबिंदू झालेल्या कुत्र्यांवरच केलेला, आणि भिंग स्वच्छ झालं असं त्यात लिहिलंय. हा काही व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड नाही.

नळस्टॉप
@खानदेशी_तडका, पेपर खरा आहे, पण पुढचंही वाचा. कुत्री मूठभर होती आणि त्यांना नुसते थेंब दिले नव्हते, डोळ्याच्या आत इंजेक्शनंही दिली होती. तुमच्या बाटलीबरोबर इंजेक्शन येतं का? त्यातून लॅनोस्टेरॉल वेगळं आणि कार्नोसिन वेगळं. एकाच्या वरातीत दुसऱ्याला घोड्यावर बसवू नका.
त्याच वर्षी आपल्याकडच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत काढलेले मोतीबिंदू लॅनोस्टेरॉलच्या द्रावणात सहा दिवस बुडवून ठेवले होते. काही फरक पडला नाही. 2019 मध्ये आणखी एका गटाने तपासलं, त्यांनाही भिंग स्वच्छ झालेलं दिसलं नाही. थेट द्रावणात बुडवून जे जमत नाही ते पापणीत एक थेंब सोडून जमेल?

गोठ्यातला_डॉक्टर
पशुवैद्य आहे, म्हणून तोंड घालतो. दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट गृहीत धरून भांडताय, की कुत्र्याचा डोळा पांढुरका दिसला म्हणजे मोतीबिंदूच.
सात-आठ वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्यांच्या डोळ्यात निळसर राखाडी झाक येते. वयानुसार भिंगाचा गाभा घट्ट होतो, त्याचा हा रंग. कुत्र्याला त्यातून बऱ्यापैकी दिसतं. अंधाऱ्या खोलीत बॅटरी मारली की यात मागच्या पडद्याची चमक दिसते, पिकलेल्या मोतीबिंदूत ती अडते. थेंबांनी 'बरी' झालेली जी कुत्री माझ्याकडे दाखवायला आणतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना मोतीबिंदू मुळात नसतोच.
दुसरा घोळ कोरड्या डोळ्याचा. पग, शिह त्झू, ल्हासा, कॉकर या मंडळींत तो फार. अश्रू कमी पडतात, बुबुळ निस्तेज होतं, चिकट पिवळी चिपडं येतात, पुढे बुबुळावर काळपट थर चढतो. घरचे म्हणतात मोतीबिंदू झाला. तपासणी अगदी साधी: कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, एक मिनिट थांबायचं आणि पट्टी किती मिलिमीटर भिजली ते बघायचं. पंधराच्या वर असेल तर ठीक. पाचच्या आत आली तर प्रकरण गंभीर. माणसात हीच पट्टी पाच मिनिटं ठेवतात.
शेवंतीताई, तुमच्या पॉमेरेनियनचा रागराग नाही. पण जिना चढण्याचं श्रेय बाटलीला देण्याआधी डोळा कुणाला तरी बॅटरीने बघू दे.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. डॉक्टरसाहेबांनी कोरड्या डोळ्याचा विषय काढलाच आहे तर सांगतो, धाग्याच्या शीर्षकातलं 'कुत्र्याला नको, आजोबांनाही नको' मला खटकतंय. सायक्लोस्पोरिन हे औषध कोरड्या डोळ्यावर चालतं हे कुत्र्यांमध्ये आधी सापडलं. जॉर्जिया विद्यापीठातल्या रेने कास्वान या पशुनेत्रतज्ज्ञ बाईंचं ते काम. कुत्र्यांसाठीचं मलम इथे 1995 मध्ये मंजूर झालं, माणसांचे थेंब 2002 च्या डिसेंबरात. म्हणजे आज हजारो आजी-आजोबा जे थेंब घालतात त्यांची वाट आधी कुत्र्यांनी चालून दाखवली. औषधांवर सरसकट अविश्वास दाखवला असता तर हे झालं असतं का?

नळस्टॉप
सरसकट अविश्वास कुणी दाखवलाय? शीर्षकात 'मोतीबिंदू विरघळवणारे' हे दोन शब्द आहेत, ते गाळून वाचू नका. सायक्लोस्पोरिनचं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. तिथे चाचण्या झाल्या, मंजुरी मिळाली, मग दुकानात आलं. इथे दुकान आधी थाटलंय.

बाराखडी
मंजुरीचं एवढं कौतुक नको. 2024 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या एन्टॉड कंपनीच्या प्रेसव्हू या थेंबांना आपल्या औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली होती, आठवतंय? 'चष्मा सोडवणारे थेंब' म्हणून सगळ्या चॅनलवर नाच चालला होता. सप्टेंबरात त्याच नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली, का तर मंजुरीत नसलेले दावे केले म्हणून. आत होतं काय, तर पायलोकार्पिन, काचबिंदूवर कित्येक दशकं वापरात असलेलं. बाहुली बारीक होते, म्हणून काही तास जवळचं बरं दिसतं. शिक्का असला तरी जाहिरात खोटी असू शकते. मग शिक्का नसलेल्यालाच तेवढं सुळावर का?

खानदेशी_तडका
बरोबर पकडलंत बाराखडी. आणि केमिस्ट बिनचिठ्ठीचे स्टेरॉइडचे थेंब देतो, त्याची बंदी कोण मागणार? कार्नोसिनने निदान डोळा तरी जात नाही.

गोठ्यातला_डॉक्टर
हे मात्र शंभर टक्के खरं. लाल डोळा दिसला की घरातल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या उरलेल्या बाटलीतले दोन थेंब माणसालाही आणि कुत्र्यालाही. मांजराने ओरबाडलेलं असेल, बुबुळावर जखम असेल, तर स्टेरॉइडने ती भरत नाही, चिघळते. वाईट प्रसंगी बुबुळ अक्षरशः वितळायला लागतं आणि मग डोळा वाचवणं मुश्किल. म्हणून आधी फ्लोरेसिनचा नारिंगी रंग घालून निळ्या उजेडात बघायचं. जखम असेल तिथे हिरवं चमकतं. तसं काही दिसलं तर स्टेरॉइडला हात लावायचा नाही. माणसात हेच थेंब महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि मोतीबिंदूही. म्हणजे ज्याच्यावर इलाज शोधताय तेच पदरात.
पण 'कार्नोसिनने डोळा जात नाही' हे मला मान्य नाही. थेंब निरुपद्रवी असतील, वाट बघणं निरुपद्रवी नसतं. मधुमेही कुत्र्याला मोतीबिंदू झपाट्याने होतो, काही वेळा थोड्याच दिवसांत. भिंगातली प्रथिनं बाहेर झिरपली की डोळा आतून सुजतो, त्यातून काचबिंदू होतो, आणि तो दुखतो. आंधळं कुत्रं वासावर, कानांवर, ठरलेल्या वाटेवर छान जगतं. दुखऱ्या डोळ्याचं कुत्रं कोपऱ्यात बसून राहतं.
म्हणून ऑपरेशन शक्य नसेल तरी थेंब लागतातच, फक्त ते सूज आटोक्यात ठेवणारे. कोणते ते डोळा बघून, दाब मोजून ठरतं. नळस्टॉप, तुमचं शीर्षक वाचून कुणी तेही बंद करू नये म्हणजे झालं.

शेवंतीची_वेल
हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. भूल झेपणार नाही म्हटल्यावर विषय संपला असंच आम्ही धरलं. दाब मोजायचं यंत्र सगळीकडे असतं का?

गोठ्यातला_डॉक्टर
सगळीकडे नाही. मोठ्या शहरातल्या दवाखान्यांत, पशुवैद्यकीय महाविद्यालयांत बहुधा मिळेल. मुंबईकडे येणं होत असेल तर परळला बैलघोड्याच्या दवाखान्यात (प्राण्यांचं जुनं इस्पितळ) आधी फोन करून विचारा. जाताना सध्या चालू असलेल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या, हृदयाच्या गोळ्यासुद्धा.

नळस्टॉप
शेवंतीताईंच्या बाबतीत डॉक्टर म्हणतात ते मान्य. पण काकूंच्या यजमानांचं काय? त्यांना भूल झेपत नाही असंही नाही. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं, डोळ्यापुरती भूल देऊन, आणि माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. तरी काका म्हणतात 'आधी बाटली संपू दे, मग बघू.' पूर्वी 'पिकू द्या' म्हणायचे, आता 'विरघळू द्या' म्हणतात. फार पिकलेला मोतीबिंदू माणसातही झिरपून दाब वाढवतो. माझी बंदीची मागणी कायम आहे.

बाराखडी
बंदी घाला, बाटली दुसऱ्या नावाने येईल. काकांना ऑपरेशनची भीती वाटते, त्यावर बोला.

दूरदेशी
@बाराखडी, भीतीवर एकच उपाय मी पाहिलाय, शेजारचा ऑपरेशन झालेला माणूस समोर बसवणे. तुमच्या सोसायटीत एखादा असेलच ना, नळस्टॉप?

नळस्टॉप
तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका आहेत. पण त्यांच्याशी आमच्या काकांचं पार्किंगवरून वाजलंय.