काकूंचा हप्ता, नानांचा हप्ता
ग्रुप: आपलं खटलं 🌾

काकू: वाडीत सगळ्यांचे पीएम किसानचे 2000 आले. माझेच नाहीत. हे होते तोवर न चुकता मेसेज वाजायचा

आत्या: (फॉरवर्ड) किसान योजनेची नवी यादी आली, खालची फाइल उघडा 👇

मी: आत्या, ती फाइल कुणीही उघडू नका. एपीके आहे, म्हणजे फसवं ॲप, खातं साफ करतात. यादी अशी व्हॉट्सॲपवर येत नसते.

आत्या: मी कुठं उघडली, नुसती पुढं ढकलली

दादा: धन्य 🙏

काकू: सेवा केंद्रावर जाऊन आले. केवायसीला अंगठाच उठला नाही. अंजीर तोडून चिकानं बोटं सोलपटलीत, मशीन काय ओळखणार

मी: काकू, अंगठा उठला असता तरी उपयोग नव्हता. ती नोंद काकांच्या नावावर होती, ते गेल्यावर ती बंदच होते. आधी सातबाऱ्यावर वारस नोंद. तुमचं नाव आणि दोन्ही मुलींचं. तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन ई-हक्कवर अर्ज, मग हरकतीचे पंधरा दिवस. फेरफार मंजूर झाला की तुमची नवी नोंदणी, त्याला आता शेतकरी ओळख क्रमांक पण लागतो. केवायसी चेहरा दाखवून होते, बोटांची काळजी नको.

काकू: वाडीत म्हणतात 2019 नंतर नाव लागलं तर मिळतच नाही

मी: ते खरेदीला. 1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेली जमीन असेल तर अडतं. वारसानं आलेली चालते.

नाना: माझे मात्र वेळेवर आले. केंद्र सरकारचे आले की मागोमाग राज्याच्या नमो शेतकरी योजनेचेही येतात. वर्षाचे 12000.

दादा: नाना 😳 तुम्ही इन्कम टॅक्स भरता ना?

नाना: भरतो की. मग?

मी: मग बसत नाही नाना. टॅक्स भरणारा बाद. शिवाय महिना 10000 किंवा त्याच्या वर पेन्शन असेल तरी बहुतेक बाद.

आत्या: कोथरूडचे शेतकरी 😄

(बराच वेळ कुणीच काही लिहीत नाही.)

नाना: मी काही मागायला गेलो नव्हतो. 2019 ला गावात सगळ्यांचे फॉर्म भरत होते, त्यात भाऊनेच माझाही भरला. म्हणाला, सातबारा सामायिक आहे, तुझं नाव कशाला सोडू. पहिला हप्ता आला तेव्हा त्याचाच फोन आला होता. परत कसे करायचे तेवढं सांगा.

मी: पोर्टलवर परतफेडीची सोय आहे, मी रविवारी येऊन करून देतो. नोटीस येण्याआधी केलेलं बरं. नमोचं तहसीलला विचारू.

दादा: खरं तर माळाचा तुकडा वाटेकरी बघतो, त्याला यातलं काहीच नाही. नाव आपलं, घाम त्याचा.

मी: योजना सातबारा बघते, नांगर कुणाच्या हातात ते बघत नाही. मला तेच पटत नाही.

दादा: काकू, शनिवारी सासवडला येतो. आधार, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), पासबुक आणि काकांचा मृत्यूचा दाखला काढून ठेवा.

काकू: दाखला ट्रंकेत आहे. मूळ एकच राहिलाय. झेरॉक्स काढून तिथल्या तिथं मागं दे बाबा, तुझ्या गाडीत विसरू नको