असिंक्रोनस रिंगमध्ये दुसरं टोकन घातलं की वेग कमी का होतो?

वडगाव_एमटेक: नमस्कार. बेळगावात एमटेक करायलोय, प्रोजेक्ट भागाकाराच्या सर्किटचा. क्लॉक नाही. 32 बिट ड्युअल-रेल (एका बिटाला दोन तारा), फोर-फेज हँडशेक (डेटा, पोच, मग दोन्ही परत शून्यावर), सहा हाफ-बफर स्टेजची रिंग. डेटा एक स्टेज पुढे जायला 200 पिकोसेकंद घेतो, म्हणजे एका टोकनाची (एका भागाकाराच्या डेटाची) फेरी 1200 मध्ये. म्हटलं, दोन वेगळे भागाकार एकदम फिरवू. तर आता 1800 ला एक टोकन येतंय! तीन घातली की सगळं ठप्प. दोन आठवडे यातच गेले, सोमवारी मॅडमना दाखवायचंय.

निपाणीकर: लॉजिकचे ट्रान्झिस्टर मोठे करून बघ.

खानापूरचा_डिझायनर: त्यानं फरक पडणार नाही, अडलंय दुसरीकडे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराचा स्लॅब टाकला. मिक्सरपासून जिन्यावरून वरपर्यंत माणसांची रांग, घमेली हातोहात. वर ओतणारा जरा थांबला की खालपर्यंत सगळ्यांचे हात भरलेले, आणि मिक्सर कितीही जोरात फिरू दे, रांग हलायची नाही. पुढच्याचे हात रिकामे हवेत, बस.

तुझ्या रिंगेत प्रत्येक टोकनामागे एक स्पेसर, म्हणजे दोन डेटांमधली कोरी खूण, असतो, आणि दोघांना एकेक स्टेज लागते. तीन टोकनांत सहाही जागा भरल्या, म्हणून ठप्प. दोन टोकनांत चार भरल्या, दोन रिकाम्या. रिकामी जागा उलटी, मागे सरकते, आणि ती अॅक्नॉलेजच्या, म्हणजे 'मिळालं' या पोचेच्या वेगानं. तुझ्या आकड्यांवरून तिला स्टेजला 300 लागतात, फेरीला 1800. टोकन आणि स्पेसर अशी जोडी एक घर सरकायला दोन रिकाम्या जागा लागतात. तुझ्याकडे दोनच आहेत, म्हणून 1800 ला एक.

चार रिकाम्या बफर स्टेज घाल. दहा स्टेजमध्ये दोन टोकनं 2000 मध्ये फिरतात, सहा रिकाम्या जागा 3000 मध्ये. दोन्हीकडून हिशेब टोकनाला 1000 असाच येतो. एकेका भागाकाराला मात्र सहा स्टेजमध्ये एकटं टोकन फिरायचं त्यापेक्षा जास्त वेळ लागेल, ते मॅडमना आधीच सांग. 1991 मध्ये विल्यम्स आणि हॉरोविट्झ यांनी 54 बिटांचा भागाकार पाच स्टेजच्या रिंगेत बसवला, तिथंही डेटा पोचायच्या आत पुढची स्टेज मोकळी झालेली असते. तो पेपर जरूर वाच.

वडगाव_एमटेक: सर, दहा स्टेज टाकल्या, 1000 च्या जवळ आलं! ते 300 कमी करता येतील?

खानापूरचा_डिझायनर: येतील, आणि खरी कमाई तिथंच आहे. पोच द्यायच्या आधी 32 बिट आले का हे बघायला दोन इनपुटच्या सी-एलिमेंटचे (सगळे इनपुट सारखे झाले की मगच आउटपुट बदलणारं गेट) पाच थर लागतात. आठ-आठ बिटांचे चार तुकडे कर, प्रत्येकाचा अॅक्नॉलेज वेगळा. मग तीनच थर. 200 पर्यंत उतरलास तर आठ स्टेज पुरतात आणि 800 ला एक टोकन मिळतं.

वडगाव_एमटेक: मग तुकड्यांमधल्या कॅरीची (हातच्याची) पोच कुणी द्यायची?

खानापूरचा_डिझायनर: घेणाऱ्या तुकड्यानं. देणाऱ्यानं आपल्या डेटाची पोच आणि कॅरीची पोच एका सी-एलिमेंटमध्ये जोडायची, दोन्ही आल्यावरच स्पेसर सोडायचा. हे चुकलं तर सिम्युलेशनमध्ये कधी चालतं, कधी अडकतं, आणि शोधता शोधता रात्र जाते.