अनुभव धागा: शिडाच्या होडीत पाणी येतंय कुठून?

छोटी शिडाची होडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. तळाशी पाणी दिसतंय, पण ते शिरलंय भलतीकडूनच. दुरुस्तीचं नंतर बघू, आधी गळती शोधलीत कशी ते लिहा. सुरुवात मी करते.

आमची २४ फुटी होडी सोलंटमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला. आठवडाभर बांधून ठेवली तरी तळ कोरडा ठणठणीत, शीड उभारून फिरून आलो की पाणी. मग वहीत लिहायला लागले: वारा किती, होडी कुठल्या अंगाला कलली, पाणी किती निघालं. डावीकडे कलली तरच पाणी, हे लवकरच दिसलं. त्या अंगाला डेक आणि खालचं कवच जिथे जुळतं तो सांधा तेव्हा लाटांखाली जातो. नवऱ्याला टॉर्च देऊन आत बसवलं आणि बाहेरून पाइपने पाणी मारत गेले, हातभर जागा झाली की पुढची. खालून वर जायचं हं. वरून मारलं तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि काहीच कळत नाही. शेवटी कठड्याच्या एका खांबाच्या बोल्टपाशी थेंब दिसला. तिथून पाणी अस्तरामागून पार मागे जाऊन स्टोव्हखाली निघत होतं!
– सोलंटकरीण

ताई, तुमच्या होडीत निदान आत शिरता येतं. आमची लेझर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी) आतून पोकळ आणि चहूबाजूंनी बंद. नुसतं कवच ५९ किलोच्या आसपास भरायला हवं. खडकवासल्याला उचलताना हात भरून यायला लागले तेव्हा शंका आली. पहिली परीक्षा सोपी: डोलकाठीच्या खोबणीत पाणी भरायचं, पातळीला खूण करायची, थांबायचं. उतरली तर गळती तिथेच. आमची जागची हलली नाही.

मग साबण. मागचं बूच काढून त्या भोकातून व्हॅक्यूम क्लीनरच्या उलट्या तोंडाने हवा सोडली, नळीभोवती चिंधी सैलच ठेवून. कंप्रेसर अजिबात लावू नका, सांधे उकलतात. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने फासलं, तर सुकाणूच्या बिजागरीच्या एका स्क्रूभोवती बारीक फेस, मुंग्यांच्या वारुळासारखा वर येत राहिला.

अजून एक. उन्हात तापलेली होडी पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही पाणी ओढते. त्यासाठीच कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खळग्याच्या, पुढच्या बाजूला एक इवलंसं भोक ठेवलेलं असतं. ते कुणी ‘गळतंय’ म्हणून बुजवलेलं नाही ना, ते बघा.
– धरणकाठ

मी आधी चाखतो. खारट लागलं तर समुद्राचं, गोडं असेल तर पावसाचं नाहीतर आपल्याच टाकीचं.
– मांडवा

शिकागोला चाखून काय करणार? मिशिगन सरोवर गोडंच! आम्ही पिण्याच्या टाकीत खायचा लाल रंग टाकतो. तळाचं पाणी लाल झालं तर आपलाच नळ गळतोय. (हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ असतं, तेव्हा रंगही लागत नाही. ते मात्र चाखू नका.)
– मिशिगनकाठी

लाकडी होडीवाल्यांनी आधी धीर धरावा. पावसाळाभर पाण्याबाहेर, छपराखाली राहून फळ्या सुकतात, पाण्यात घातली की सुरुवातीला गळणारच. लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात. त्यानंतरही पाणी आलं तर शोधायला घ्या. तळ पुसून कोरडा करायचा आणि वर टाल्कम पावडर भुरभुरायची. पाणी जिथून येतं तिथून पावडरीत रेघ उमटते. आमच्याकडे ती मधल्या फळीच्या (तळातून पाण्यात सोडतात ती) पेटीच्या बुडाशी गेली.
– उरणचा

इंजिनाच्या शाफ्टपाशी (पंखा फिरवणारा दांडा) थेंब पडतात. ही गळतीच ना?
– नवखा

शाफ्ट फिरताना पडतात की बंद असताना? शाफ्टभोवती पाणी अडवायला दोरीचं पॅकिंग असेल तर फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब हवेतच, त्यानेच ते थंड राहतं. बंद असतानाही पडत असतील तर पॅकिंग दाबणारा नट किंचित आवळा आणि इंजिन चालवून पॅकिंगच्या बाहेरच्या कवचाला हात लावून बघा, फिरत्या शाफ्टला नाही. तापलं तर जास्त आवळलं गेलंय.
– सोलंटकरीण